मागच्या खोलीतली रेंज

व्हिडिओ कॉल अडखळायला लागला की आपण काय करतो? चित्र बंद करतो आणि नुसत्या आवाजावर बोलणं पुढे रेटतो. 'दिसत नाहीयेस, पण बोल तू, ऐकू येतंय.' आमच्या आत्याला ही सोय नाही. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते आणि समोरच्याचे हात बघून ऐकते. त्यामुळे पडद्यावरचं चित्र गोठलं की तिचं बोलणंच तुटतं. समोरच्या बाईचा हात हनुवटीपाशी तसाच अडकून बसतो, आणि त्या हाताला पुढे काय म्हणायचं होतं ते कळतच नाही.

इतकी साधी गोष्ट ध्यानात यायला मला बरेच महिने लागले, आणि मी शाळेत विज्ञान शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण बहुधा माझ्यासारख्या मास्तरणीसाठीच निघाली असावी.

आम्ही नाशिक रोडला राहतो. घरात चार माणसं. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते, आता निवृत्त आहेत. आई आहे. बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या आहे. आणि मी. मी लग्न केलं नाही, आणि त्या विषयावर आमच्याकडे आता कोणी तोंड उघडत नाही. घर जुन्या बांधणीचं, जाड विटांच्या भिंतींचं. पुढे हॉल आणि त्याला लागून आई-बाबांची खोली, मग स्वयंपाकघर, मग एक अरुंद बोळ, आणि सगळ्यात मागे आत्याची खोली. वर गच्चीला लागून एक खोली आहे, ती माझी.

आत्याच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे. गेली तीस-पस्तीस वर्षं आमच्या कॉलनीतल्या बायका ब्लाउज दुसरीकडे कुठे टाकत नाहीत. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत आत्याला तिचा खांदा, तिची पाठ, तिचं वाढलेलं वजन सगळं कळलेलं असतं. मी बोलायला शिकले त्याआधी तिच्याशी हातांनी बोलायला शिकले, असं आई सांगते. भूक लागली हे मी पहिल्यांदा तोंडाने नाही, हाताने सांगितलं म्हणे. त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

आत्याची एक मैत्रीण आहे. मूकबधिर मुलांच्या शाळेत दोघी एका बाकावर होत्या आणि वसतिगृहातही एकत्र. पुढे ती लग्न होऊन घोटीला गेली. नवरा वारला. मुलगा भाताच्या गिरणीत कामाला आहे, सून चांगली आहे, पण त्या घरात कोणाला हातांची भाषा येत नाही. जेव, झोप, गोळी घे, पाहुणे आले, एवढ्या खुणा जमतात. त्यापलीकडचं बोलायला त्या बाईला जगात एकच माणूस होतं, ती म्हणजे आमची आत्या. पूर्वी वर्षातून एखादी भेट व्हायची. मग हातात मोबाइल आले आणि दुपारी तीनचा कॉल सुरू झाला. आत्या पावणेतीनला मशीन थांबवायची, हात धुवायची, केस नीट करायची, आणि फोन मशीनच्या डोक्याला टेकवून समोर बसायची.

आणि चित्र गोठायचं. घोटीकडून सगळं ठीक होतं, कारण तिच्या मुलाने त्याच फोनवरून दुसऱ्या कोणाला व्हिडिओ कॉल लावला तर चित्र वाहतं राहायचं. खोट आमच्या घरात होती. फायबरची तार हॉलमध्ये आली होती, आणि जोडणीबरोबर मिळालेला छोटा पांढरा राउटर टीव्हीमागे धूळ खात बसला होता. हॉलमध्ये नेट धावायचं, स्वयंपाकघरात चालायचं, बोळात रांगायचं आणि आत्याच्या खोलीत पोचेपर्यंत मान टाकायचं.

त्या वर्षी मैत्रिणीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. तिच्या मुलाने मला फोन केला.

"ताई, आईचं ऑपरेशन करायचंय, नाशिकला. डॉक्टर बोलले, लय सोपं हाय. पण ती नाय म्हणते. का नाय, ते आम्हाला कळत नाय. तुमच्या आत्याचं ऐकलं तर ऐकंल."

मी आत्याला सांगितलं. तिला माहीतच होतं. ती म्हणाली, "मी समजावते आहे. पण मध्येच ती थांबते." थांबते म्हणजे चित्र थांबतं. एकीकडे मैत्रिणीला धूसर दिसत होतं, त्यात आमच्याकडून जाणारं चित्र चौकटी-चौकटींचं, फाटलेलं. आणि ऑपरेशन जितकं लांबेल तितके तिला आत्याचे हात कमी दिसणार होते. ते हात दिसेनासे झाले की ती बाई भरल्या घरात एकटी पडणार होती.

मग आम्ही कामाला लागलो. आधी मी कंपनीला शिव्या घातल्या. मग जास्त वेगाचा प्लॅन घेतला. हॉलमध्ये नेट आणखी जोरात धावलं, मागच्या खोलीत होतं तिथेच राहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. शेवटी नाशिक रोडच्या एका दुकानातून चार अँटेनांचा, काळा, दणकट राउटर आणला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, याची रेंज बिल्डिंगच्या बाहेर जाईल." आमचं घर बिल्डिंग नाही हे मी त्याला सांगितलं नाही.

नवीन वस्तू घरात आली की ती पाहुण्यांना दिसली पाहिजे, हा आईचा नियम आहे. राउटर हॉलमधल्या शोकेसवर विराजमान झाला. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन बघते तर त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. चारही अँटेना रुमालाच्या जाळीतून वर काढलेल्या. आमच्याकडे मिक्सर, फोन, रिमोट, कोणीही उघडं राहू शकत नाही.

"आई, त्याला गरम होतं."

"म्हणून तर जाळीचा घातलाय," आई म्हणाली.

रुमाल काढल्यावर हॉलमध्ये खरोखर चमत्कार झाला. बाबांच्या बातम्या कधी अडेनात. आई अख्खी मालिका एका दमात बघायला लागली. आत्याच्या खोलीत मात्र सिग्नलची एक काडी दिसायची आणि तीही लाजत लाजत. तेव्हा आम्ही तिघंही एकाच गोष्टीवर येऊन थांबलो, आणि आम्हाला ती फार शहाणपणाची वाटली.

"हॉलमध्ये बस ना."

आत्या नको म्हणाली. बाबांनी सांगितलं, आईने सांगितलं, मी तर रोज सांगितलं. ती मान हलवायची आणि मागे जायची. माझा पारा चढायचा. एवढं मोठं यंत्र आणलं, हॉलमध्ये चार पावलं यायला काय होतं? म्हातारपणी माणसं हट्टी होतात, असंही मी आईला म्हणाले. आत्याची पाठ होती म्हणून मोठ्याने म्हणाले. ते आठवलं की आजही लाज वाटते.

एक दिवस ती आली. पावणेतीनला फोन घेऊन हॉलमध्ये सोफ्यावर बसली. चित्र काचेसारखं स्वच्छ आलं. मैत्रिणीच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता येत होतं. मी खूश. बाबा शेंगा सोलत बसले होते, आई भाजी निवडत होती, मी वह्या तपासत होते. आम्हाला तिघांनाही हातांची भाषा येते, त्यामुळे आम्ही बघत होतो. बघणं टाळायचं असतं हे आमच्या कोणाच्या मनातही आलं नाही. मैत्रीण डोळ्यांबद्दल काहीतरी सांगत होती, तीच खूण पुन्हा पुन्हा करत होती. तेवढ्यात आई आत्याच्या खांद्यावरून पुढे झुकली आणि हातांनी तिला म्हणाली, "अगं, घाबरतेस काय? माझ्या बहिणीचं दहा मिनिटांत झालं!"

मैत्रिणीचे हात मांडीवर गेले. ती हसली, पदर नीट केला, सगळ्यांना हात जोडले आणि कॉल संपला. पाच मिनिटंही झाली नव्हती.

पुढचे दोन दिवस तीन वाजता तिचा फोन आला नाही. आत्याने लावला तर उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या मुलाने सांगितलं की ऑपरेशनसाठी मिळालेली तारीख आईने धुडकावली, आणि पुढची तारीख महिन्याने आहे.

मी तडक आत्याच्या खोलीत गेले. ती काज करत होती. मी तिच्या समोर उभी राहिले आणि भराभर हात चालवले. रागात माझे हात फार वाईट बोलतात. मी म्हणाले, "चित्र इतकं छान होतं, तरी तुम्ही दोघी बोलला नाहीत. हॉलमध्ये काय वाईट आहे?"

आत्याने सुई कापडात टोचून ठेवली. मग तिने वर बोट दाखवलं. गच्चीकडे.

"तुझ्या मैत्रिणीचा फोन आला की तू गच्चीवर जातेस," ती म्हणाली. "दार लावून घेतेस. मी कुठे जाऊ?"

मी मशीनजवळच्या स्टुलावर टेकले.

"तुम्ही खोलीत एकमेकांच्या कानात बोलता. स्वयंपाकघरात हळू बोलता. मी हळू कशी बोलू? माझे हात सगळ्यांना दिसतात. ती माझ्याशी बोलत होती. तुझ्या आईशी नाही."

मग तिने सांगितलं की हॉलमधून कोणालाही न दिसणारी अशी घरात एकच जागा आहे, ही खोली. आणि या खोलीतसुद्धा आम्ही कधीही येतो. खरंच होतं ते. दार वाजवून उपयोग नाही, तिला ऐकू येत नाही, म्हणून आमच्या घरात कोणीही, कधीही, आत्याचं दार सरळ ढकलून आत जायचं. मी जन्मल्यापासून तसंच जात होते. आताही तशीच आले होते.

आत्याने सुई पुन्हा हातात घेतली. ती रागावलेली नव्हती, हेच मला जास्त लागलं. इतकी वर्षं तिने हे आम्हाला ऐकवलं नव्हतं. तिच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

मी बाहेर येऊन हे बाबांना सांगितलं. बाबा शेंगदाण्याची टरफलं गोळा करत होते. त्यांचे हात थांबले. ते उठून त्यांच्या खोलीत गेले आणि कपाटातून एक कोरी, जाड, लाल पुठ्ठ्याची वही घेऊन आले.

बाबांबद्दल एक सांगायला हवं. कंट्रोल रूमच्या माणसांना एक सवय लागलेली असते. तिथे दर तासाला प्रत्येक काट्याची नोंद वहीत करायची असते, सगळं सुरळीत असलं तरी. निवृत्त झाल्यावर बाबांनी काही दिवस फ्रिजची आणि पाण्याच्या टाकीची नोंद ठेवली होती, मग आईने ती वही रद्दीत घातली. त्या वहीची मी फार टिंगल केलेली आहे. या वहीची केली नाही.

"तू अंदाजाने यंत्र आणलंस," बाबा म्हणाले. "तुझी चूक नाही, मीही हो म्हणालो. पण बिघाड कुठे आहे ते न बघता यंत्र बदलायचं नसतं. आधी रीडिंग."

मी त्यांच्या फोनवर सिग्नल मोजायचं ॲप टाकून दिलं. त्यात आकडे उणे असतात. शून्याच्या जितके जवळ तितका सिग्नल जोरदार. बाबांना हे फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी आठला, दुपारी बाराला, तीनला आणि सहाला घरभर फेरी मारू लागले. कमरेएवढ्या उंचीवर फोन धरायचा, दहापर्यंत आकडे मोजायचे, रीडिंग घ्यायचं, वहीत लिहायचं आणि त्याच जागी फरशीवर खडूने आकडा काढायचा. शोकेसपाशी उणे चाळीस. स्वयंपाकघराच्या दारात उणे बावन्न. आई म्हणाली, "फरशी पुसायची का नाही मी?" बाबांनी राउटरच्या अँटेनेला दोऱ्याने लाल पुठ्ठा बांधला. 'काम चालू आहे. हात लावू नये.' वीज केंद्रात असा पुठ्ठा ज्याने लावला त्यानेच काढायचा असतो, दुसऱ्या कोणी काढला तर एखाद्याचा जीव जाऊ शकतो. आईने आठवडाभर शोकेस पुसली नाही, यावरून तिने तो किती मनावर घेतला ते समजावं.

मला हसू येत होतं, आणि त्याच वेळी आतून काहीतरी भरूनही येत होतं. हा माणूस बहिणीशी चार गोड शब्द कधी बोललेला मी बघितला नाही. आता तो वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, तिच्या दारापर्यंत आकडे लिहीत चालला होता.

चौथ्या दिवशी बाबांनी मला हाक मारली.

"हे बघ. ओट्यापाशी उणे पंचावन्न. आणि त्याच भिंतीच्या पलीकडे, बोळात, उणे ऐंशी. एका भिंतीत इतकं पडत नाही. शेजारची न्हाणीची भिंतही तेवढीच जाड आहे, तिथून उणे पासष्ट येतं. मग इथे काय आहे?"

मी बघितलं. बाबांनी बघितलं. त्या भिंतीवर आईची मांडणी होती.

मांडणी म्हणजे स्टीलची, जमिनीपासून छातीच्याही वरपर्यंत. वरच्या फळीवर डबे, मग पातेली, मग तांबे, आणि मधल्या दोन फळ्यांवर उभी लावलेली ताटं. आईच्या लग्नातली, तिच्या बहिणीच्या वास्तुशांतीतली, माझ्या बारशातली. प्रत्येक ताटाच्या कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं, कोणाकडून कोणाला, कशाप्रीत्यर्थ. त्यातल्या एकाही ताटात आम्ही कधी जेवलो नाही. ती रोज पुसली जातात आणि परत उभी राहतात, एकाला एक चिकटून, मधे बोट जाणार नाही अशी. धातूचा पत्रा लहरी अडवतो, हे मी नववीच्या मुलांना दरवर्षी शिकवते. फळ्यावर आकृतीसुद्धा काढते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"खाली काढ," बाबा आईला म्हणाले.

"काय?"

"ताटं. सगळी. पाच मिनिटांसाठी."

आईने आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्ही तिला दागिने काढायला सांगितलं. पण तिने काढली. एकेक ताट, त्यावरचं नाव वाचत, ओट्यावर आणि फरशीवर मांडत. स्वयंपाकघरात पंगत बसणार असावी तसं दिसायला लागलं. बाबा बोळात जाऊन उभे राहिले, दहापर्यंत मोजलं.

"उणे एकोणसत्तर!"

आई मटकन पाटावर बसली. "म्हणजे माझ्या ताटांमुळे?" ती म्हणाली. "तिचं बोलणं माझ्या ताटांनी अडवलं?" मग म्हणाली, "आणि त्या दिवशी मी."

हॉलमधल्या त्या दुपारबद्दल आत्या काय म्हणाली ते मी तिलाही सांगितलं होतं. तिला ते फार टोचलं होतं. तिने पदराने एक ताट पुसलं आणि एकदम म्हणाली, "मांडणी काढून टाका. ताटं माळ्यावर जाऊ देत." ज्या बाईने रंगकाम करतानासुद्धा मांडणी हलवू दिली नव्हती, तिच्या तोंडून हे आलं. मला आईचा तेव्हा जितका अभिमान वाटला तितका क्वचितच वाटला असेल.

पण बाबांनी मान हलवली. त्यांनी हिशेब लावून ठेवला होता. ताटं काढली तरी मधे दोन विटांच्या भिंती उरतात. नवा राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो, एक वेगवान पण भिंतीपुढे हात टेकणारी, दुसरी हळू पण चिवट. व्हिडिओला जी पळणारी लहर हवी होती, ती हॉलमधून मागच्या खोलीत कधीच पोचणार नव्हती.

"वाटेत अडथळा असेल तर त्याच्याशी भांडायचं नाही. दुसरी लाइन टाकायची," ते म्हणाले. "आणि चांगलं मशीन जिथे काम आहे तिथे बसवायचं. हॉलमध्ये आपलं काय अडलंय?"

म्हणजे काळा, चार अँटेनांचा राउटर मागे जाणार आणि टीव्हीमागचा जुना पांढरा पुन्हा हॉलमध्ये कामाला लागणार. शोकेस रिकामी होणार, बाबांच्या बातम्या अडखळणार, आईची मालिका ऐन मोक्यावर गोल गोल फिरत बसणार. एकाच्याही तोंडून त्याविरुद्ध शब्द आला नाही.

बाबांनी दोन्ही टोकांना पिना लावलेली लांब केबल आणायला लावली. भिंतीला भोक पाडायचं नाही म्हणाले. हॉलच्या कोपऱ्यातून चौकटीवरून वर, स्वयंपाकघराच्या छताच्या कडेने, बोळाच्या झरोक्यातून पलीकडे, आणि तिथून आत्याच्या दारावरून आत. स्टुलावर उभे राहून त्यांनी वीतभर अंतरावर एकेक चिमटा ठोकला. मी स्टूल धरून उभी होते. त्यांच्या वयाला हे काम शोभत नाही असं मी म्हणाले, तर ते म्हणाले, "स्टूल नीट धर." केबल इतकी सरळ गेली की आजही पाहुण्यांना ती दिसत नाही. आईला त्याचं थोडं वाईट वाटतं.

आत्या दारात उभी राहून बघत होती. राउटर तिच्या मशीनच्या वर, फळीवर बसला. मी जुन्याला आणि नव्याला एकत्र चालवायच्या सेटिंग केल्या, तेवढं मला येतं. बाबांनी खडूने मशीनपाशी शेवटचा आकडा लिहिला. उणे अडतीस. लाल पुठ्ठा त्यांनी स्वतःच्या हाताने सोडला.

मला वाटलं, झालं. पण बाबांनी खिशातून बेलचं एक बटण आणि लाल रंगाचा लहान दिवा काढला. बटण दाराबाहेर बसवलं, दिवा आत, मशीनच्या समोर, काम करताना नजर जाईल असा. दाराला आतून कडी नव्हती, तीही लावली. मग बहिणीसमोर उभे राहून, जाड बोटांनी, जुन्या घरगुती खुणांत ते म्हणाले, "आता आम्ही बटण दाबणार. दिवा लागेल. तुला वाटलं तर उघड. नाही वाटलं तर उघडू नकोस."

आत्याने बाहेर येऊन बटण दाबून बघितलं, आत डोकावून दिवा बघितला. पुन्हा दाबलं. चार-पाच वेळा दाबलं, लहान मुलीसारखं. मग तिने बाबांच्या शर्टाची सुटलेली शिवण चिमटीत धरून दाखवली आणि शर्ट काढून द्यायची खूण केली. आमच्याकडे आभार असेच मानतात.

त्या दुपारी घोटीला मैत्रिणीने फोन उचलला तेव्हा आत्याने बोलण्याआधी एक काम केलं. फोन हातात धरून तिने खोलीभर फिरवला आणि मैत्रिणीला सगळं दाखवलं, बंद दार, नवी कडी, दिवा. हे मला तिनेच नंतर सांगितलं, कारण आम्ही तिघं हॉलमध्ये होतो. तीन वाजले. साडेतीन झाले. चार झाले. आई दोनदा उठली आणि बाबांनी दोनदा हाताने खाली बस म्हटलं. चार पस्तीसला दार उघडलं.

"ती ऑपरेशन करणार आहे," आत्या म्हणाली.

का नाही म्हणत होती, हे तिने आम्हाला एवढंच सांगितलं की डोळ्यावर पट्टी बांधली म्हणजे अंधार आणि शांतता एकदम येईल, आणि त्यात कोणी हात धरला तर तो कोणाचा आहे हेही कळणार नाही, याची तिला भीती होती. दुसऱ्या डोळ्यानेही तिला आता फारसं दिसत नव्हतं. आणखीही काही होतं, पण ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मग तारीख येईपर्यंत रोज तीन वाजता, बंद दाराआड, त्या दोघींनी तळहातावर बोलायची भाषा तयार केली. तळव्यावर एक बोट म्हणजे मी आहे. दोन म्हणजे डॉक्टर आले. मूठ दाबली म्हणजे झालं, संपलं. एकीने कॅमेऱ्यापुढे आपल्या हातावर करायचं, दुसरीने आपल्या हातावर तसंच करून दाखवायचं. इतक्या बारीक हालचाली त्या मंद डोळ्यांना दिसाव्यात म्हणून चित्र किती स्वच्छ लागत असेल, याचा विचार केला की बाबांची ती वाकलेली पाठ माझ्या डोळ्यांपुढे येते.

ऑपरेशनच्या दिवशी आत्या नाशिकला तिच्याबरोबर होती. पट्टी बांधल्यापासून तिने मैत्रिणीचा हात सोडला नाही. मुलाने मला फोनवर सांगितलं, "ताई, आई अजिबात घाबरली नाय. दोघी हातात हात घालून गप्पाच मारत होत्या."

पट्टी निघाली, ती घोटीला परतली, आणि दुसऱ्या दिवशी तीन वाजता आत्याचं दार लागलं. आम्ही तिघं हॉलमध्ये. तिला दिसलं का, नीट दिसलं का, या विचाराने आईला बसवेना. साडेचारला ती चहा घेऊन बोळात गेली, बटणावर बोट ठेवलं, आणि न दाबता परत आली. चहावर साय धरली. पाच वाजता कडी निघाल्याचा आवाज आला.

आत्या हसत होती. "दिसतंय," ती म्हणाली. "माझ्या ब्लाउजला लावलेल्या टाचण्या मोजल्या तिने. सात."

आईने डोळे पुसले. मग तिला राहवेना. "आणखी काय म्हणाली?"

आत्याने आईकडे प्रेमाने बघितलं. मग दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवले, बंद दारासारखे, आणि ते आपल्या छातीशी नेले.

आई आधी गोंधळली आणि मग हसली. बाबांनी वही उघडली होती. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'दुपारी ३ ते ५. दार बंद. सर्व ठीक.'